सातव्या बटणावरच्या मुंग्या

"टीवीवर मुंग्या येतात," नारायणदादा म्हणाले.

"कुठल्या चॅनेलवर, दादा?"

"सगळ्याच."

ओली छत्री पायरीला टेकवून ते आमच्या कंट्रोल रूमच्या दारात उभे होते. मी म्हटलं, "आत या, बसा, चहा घ्या." ते आत आले नाहीत. "कारखाना उघडा टाकून आलोय. तेवढं बघा वयनी," असं म्हणाले आणि आले तसे एसटी स्टँडकडे चालू लागले.

मी बघतच राहिले. माझे मिस्टर, प्रकाश, त्याच सकाळी जोह्याची लाइन तपासून आले होते. चित्र आरशासारखं स्वच्छ आहे म्हणाले होते. आणि दुसरं म्हणजे, नारायणदादा हे जोह्यातले सगळ्यात जुने मूर्तिकार. आषाढ चालू होता, गणपती तोंडावर आले होते. या दिवसांत जोह्याचा मूर्तिकार ताप आला तरी डॉक्टरकडे जात नाही, गोळी गिळून रंगाला बसतो. आणि हा माणूस टीव्हीतल्या मुंग्यांसाठी एसटीने पेणला आला? तेही एवढं बोलून परत जायला?

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. पेणला आमचं केबल होतं. मिस्टर खांबावर चढायचे, मी कंट्रोल रूम सांभाळायचे. आजूबाजूची गावं मला केबलवाली वयनी म्हणायची. माझं माहेर रोह्याचं. तिथे माझा भाऊ, आण्णा, हाच धंदा करायचा. त्यामुळे मॉड्युलेटर म्हणजे काय ते मला लग्नाआधीच ठाऊक होतं. गोल पोळी नंतर जमायला लागली.

आता थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गच्चीवरच्या डिशमधून चॅनेल खाली यायचं. खाली प्रत्येक चॅनेलला एक पत्र्याचा डबा, तो मॉड्युलेटर. तो चॅनेलला नंबर द्यायचा. मग सगळी चॅनेलं एका वायरमध्ये कोंबायची आणि ती वायर खांबाखांबावरून गावात न्यायची. वायर लांब गेली की चित्र दमतं. म्हणून मध्ये मध्ये खांबावर अ‍ॅम्प्लिफायर लावायचा, तो चित्राला पुढे ढकलतो. झालं, एवढंच केबल. बाकी सगळं भांडण.

भांडण नंबरांचं. जुन्या टीव्हीला बटणं बाराच. पहिल्या बारात जे चॅनेल बसलं ते घराघरात दिसणार. त्यांना आम्ही प्राइम बँड म्हणायचो. बाराच्या पुढचं चॅनेल फक्त नव्या, रिमोटवाल्या टीव्हीवर दिसायचं. पेण शहरात तेव्हा रिमोटवाले टीव्ही बरेच आले होते. पण जोह्यात? तिथे टीव्ही कारखान्यात फळीवर ठेवलेला. दिवसभर प्लास्टरची भुकटी उडते. त्या धुळीत नवा रंगीत टीव्ही कोण ठेवणार? सगळे जुने ब्लॅक अँड व्हाइट, बारा बटणांचे.

आणि त्या वेळी मराठीत दोन चॅनेलांची जुंपली होती. खरी नावं कशाला घ्या, आमच्याकडे लोक त्यांना कोपऱ्यातल्या चिन्हाच्या रंगावरून ओळखायचे: निळं आणि तांबडं. ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांना तो रंग दिसायचासुद्धा नाही, पण तेही निळं-तांबडंच म्हणायचे. लढाई सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसातला सुरू. निळ्याने आठला रडकी मालिका लावली की तांबडं त्याच वेळी हसरी लावणार. निळं आठला पाच कमी असतानाच सुरू करायला लागलं, म्हणजे माणूस उठून बटण दाबायच्या आत कथेत अडकलाच पाहिजे. तर पुढच्या आठवड्यात तांबडं आणखी आधी. एकाची जाहिरात लागली की दुसऱ्याकडे हमखास कुणाच्या तरी थोबाडीत बसायची, नाहीतर कुणाला तरी चक्कर यायची. मी कंट्रोल रूममध्ये दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवून, दोन्हीचा आवाज बंद करून हे बघायचे आणि समोर भाजी निवडायचे. मुक्या लढाईसारखी मजा नाही बरं का.

तर त्या आषाढात तांबड्या चॅनेलचे सामंत म्हणून एक गृहस्थ मुंबईहून आले. डिस्ट्रिब्यूशनचं काम बघायचे. म्हणजे आमच्यासारख्या केबलवाल्यांना पटवून आपल्या चॅनेलला चांगला नंबर मिळवायचा. त्या वेळी तांबडं आमच्याकडे वरच्या बँडवर होतं आणि निळं सात नंबरवर, मधोमध, पाटावर बसल्यासारखं.

"मॅडम, सात आम्हाला द्या. निळं वर टाका," सामंत म्हणाले. "रोह्याच्या ऑपरेटरने तर कालच मान्य केलं."

रोह्याचा ऑपरेटर म्हणजे माझा सख्खा भाऊ, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यासमोरच फोन फिरवला.

"आण्णा, तू सात नंबर तांबड्यांना दिलास?"

"मी कशाला देतो?" आण्णा पलीकडून म्हणाला. "मला तर म्हणाले पेणवाल्यांनी दिला!"

मी फोन ठेवला आणि सामंतांकडे पाहिलं. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. पण माणूस वाईट नव्हता, नोकरी करत होता बिचारा. दुसऱ्या दिवशी आला तो बरोबर मुद्द्यावर आला. जोह्याची आमची लाइन पावसात मरायची. अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्यात पाणी शिरायचं, मिस्टर भर पावसात खांबावर. मला त्यांची फार काळजी वाटायची. एकदा घसरून पायाला लागलंही होतं. सामंत म्हणाले, "जोह्याला नवा अ‍ॅम्प्लिफायर आम्ही देतो, आमचा लाइनमन येऊन लावून जाईल. तुम्ही फक्त सात द्या."

मी म्हटलं, "आणि जोहेकर निळं बघत असतील तर?"

"चला, विचारून येऊ."

म्हणून आम्ही एका संध्याकाळी आठच्या सुमाराला जोह्यात गेलो. प्रत्येक कारखान्यात टीव्ही चालू. प्रत्येक टीव्हीवर निळं चॅनेल. पण बघत कुणीच नव्हतं! सगळ्यांच्या माना खाली, कुणी पीतांबर रंगवतंय, कुणी मुकुटाला सोनेरी लावतंय.

"ही आठची मालिका बघता का तुम्ही?" सामंतांनी एका बाईला विचारलं.

"नाय बा. आम्ही कुठली बघतो? हात रिकामे हायत काय?"

"मग टीव्ही कशाला लावलाय?"

बाईने कुंचली रंगात बुडवली. मग म्हणाली, "उजेडाला."

पुढच्या कारखान्यात तेच. त्याच्या पुढच्याही. "नाय बघत." "आमच्याकडं कोण नाय बघत." शेवटी नारायणदादांचा कारखाना आला. ते टीव्हीकडे पाठ करून पाटावर बसले होते आणि एका मोठ्या मूर्तीचे डोळे आखत होते. डोळ्यांची आखणी हे शेवटचं काम. एवढीशी बारीक कुंचली, एक केस इकडेतिकडे झाला की देवाचा चेहरा बिघडतो. गावातल्या निम्म्या लोकांना आखणी त्यांनीच शिकवलेली. सामंतांनी विचारलं, तसे ते मान न वळवता म्हणाले, "आमच्याकडं टीवी कोण बघत नाय." त्यांची बायको, ताराकाकी, चुलीपाशी होती. ती नुसती पदर सारखा करत राहिली.

बाहेर आल्यावर सामंत खूश. "बघा मॅडम, सेट चालू आहेत, पण व्ह्यूअर नाही. शून्य."

मलाही ते पटलं. डोळ्यांनी बघितलं होतं ना! मी सात नंबर द्यायचा कबूल केला.

मंगळवारी त्यांच्या लाइनमनने जोह्याच्या खांबावर नवा अ‍ॅम्प्लिफायर चढवला. आम्ही निळं चॅनेल उचलून वरच्या बँडवर टाकलं. आमचा सातचा जुना डबा नको म्हणून तांबडे आपला नवा मॉड्युलेटर लावणार होते, तो सोमवारी यायचा होता. तोवर सात नंबर रिकामा, म्हणजे त्यावर नुसत्या मुंग्या.

आता एक सांगते. चॅनेल हललं की केबलवाल्याच्या फोनला श्वास मिळत नाही. एकदा क्रिकेटचं चॅनेल थोडा वेळ गेलं होतं तर एका गृहस्थांनी माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या. म्हणून मंगळवारी मी फोनपाशी कंबर कसून बसले. पेणहून दोन-तीन फोन आले, त्यांना नवा नंबर सांगितला. जोह्यातून एकही नाही.

मनात म्हटलं, सामंत बरोबर होते.

बुधवारी जोह्यातून फोन सुरू झाले. पण कसले? "वयनी, आमच्या इथं वायर लोंबकळते." मिस्टर गेले, वायर ताठ होती. "वयनी, टीवी लय गरम होतो." अहो, टीव्ही गरम होणारच. "वयनी, आवाज येतो पण माणसं नाय येत." मिस्टर पुन्हा गेले, माणसं येत होती. एकाने तर विचारलं, "वयनी, त्या सहाच्या पुढचा आणि आठच्या अलीकडचा नंबर, तो बरा हाय ना?"

"सात म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाय. सहजच इचारलं." आणि फोन ठेवला!

जोह्यात फोन एकच, महादूच्या दुकानात. तिथे कायम चार माणसं बिडी ओढत उभी. फोनवर काय बोललं ते गावभर होणार. म्हणून बोलणारा तोलून बोलतो, हे मला माहीत होतं. पण यात तोलण्यासारखं काय होतं ते काही केल्या कळेना. लाइन कधी नव्हती इतकी छान चालली होती आणि तक्रारी कधी नव्हत्या इतक्या येत होत्या. मिस्टर वैतागले. "जोहेकरांना झालंय काय? तिसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा चहा पाजून परत पाठवलं. आणि सगळेच कसे जरा घुटमळतात, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखे."

आणि मग शुक्रवारी नारायणदादा स्वतः आले. त्याच्यापासूनच तर सुरुवात केली मी.

ते गेल्यावर मला चैन पडेना. मिस्टरांना म्हटलं, "तुम्ही आज कंट्रोल रूममध्ये बसा, जोह्याला मी जाते." म्हणाले, "खांबावर चढणार आहेस का साडी नेसून?" मी म्हटलं, "बिघाड खांबावर नाहीये." काय बिघडलंय ते मलाही माहीत नव्हतं, पण खांबावर नाही एवढं नक्की.

संध्याकाळच्या एसटीने उतरले. पाऊस थांबला होता. तरी गल्लीत शिरले तर पावसासारखा आवाज येत होता, दोन्ही बाजूंनी, सूंऽ सूंऽ असा. वाटलं, पत्र्यांवरून पाणी निथळतंय.

नारायणदादांच्या कारखान्यात पाऊल टाकलं आणि दचकले. मूर्तींच्या रांगाच्या रांगा रंगवून तयार. मुकुट झाले, शेले झाले, सोंडेवरची नक्षी झाली. पण डोळे कुणालाच नाहीत. नुसत्या पांढऱ्या जागा. आधी आखून झालेल्या मूर्ती तेवढ्या एका कोपऱ्यात, त्यानंतर एकही नाही. दादा पाटावर बसलेले, हातात कुंचली, समोर मूर्ती. पाठीमागे टीव्ही मुंग्यांनी भरलेला.

"दादा, बघू काय झालंय."

मी एकेक बटण दाबत गेले. एक, दोन, तीन, सगळं लख्ख. "दादा, स्वच्छ आहे की हो."

"व्हय? मग आसंल," ते म्हणाले.

मी दूरदर्शन लावून ठेवलं आणि ताराकाकीकडे पाणी मागायला मागच्या पडवीत गेले. तांब्या हातात घेते न घेते तोच मागे खटखट बटणं वाजली, आणि परत तो पावसासारखा आवाज. वाकून पाहिलं. दादांनी टीव्ही पुन्हा सातवर नेला होता आणि स्वतः पाठ करून बसले होते.

मी ताराकाकीकडे वळले. "काकी, सातवर काय आहे?"

काकीचे डोळे भरून आले. तोंडावर पदर धरून ती हळूच म्हणाली, "आमची वैशू होती गो त्याच्यावर."

मग तिने सांगितलं. वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून बापाच्या समोर बसून आखणी शिकलेली, दादांच्या नंतर गावात तोच हात. पेणच्या कॉलेजात नाटकात पडली आणि मुंबईला जाते म्हणाली. दादांना वाटलं, माझा हात ही घेऊन चालली. ऐन हंगामात गेली म्हणून रागात बोलले, "परत माझ्या दारात यायचं नाय." आणि मारुतीच्या देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या पोरीचं नाव माझ्यापुढं कोण काढू नका." दोन हंगाम झाले त्याला. बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा हे त्या माणसाला येत नव्हतं.

आणि मग ती निळ्या चॅनेलच्या आठच्या मालिकेत आली. नाव बदलून. छोटंसं काम, घरातली धाकटी सून, रोज चार वाक्यं. मी आवाज बंद करून बघणारी, मला कुठून कळणार?

"पहिल्या दिवशी टीवी सहज लागला होता," काकी म्हणाली, "आन तिचा आवाज आला. मी धावले बंद करायला. तर हे म्हणाले, आसू दे, उजेडाला बरा. तवापासून रोज. बघत नाय हां, पाठच करून बसतात. पर आखणीला आठलाच बसतात. ती समोर बसायची ना, बोलत बोलत आखायची. तो आवाज आला की यांचा हात चालतो. मंगळवारपासून एक डोळा आखला नाय."

"मग काकी, मला फोन का नाही केलात? त्या सामंतांना का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? यांचा शब्द हाय. आन गावातपण समदी बघतात. पर यांना कळलं तर यांना वाईट वाटंल, म्हणून समदी खाली मान घालून बघतात, आन कोणी इचारलं तर नाय म्हणतात."

आत्ता माझी ट्यूब पेटली! लोंबकळणारी वायर, गरम होणारा टीव्ही, सहाच्या पुढचा आणि आठच्या अलीकडचा नंबर. आणि तो पावसासारखा आवाज! पाऊस कसला, घराघरात सातवर मुंग्या लावून बसली होती माणसं. येईल म्हणून. एका म्हाताऱ्याचं मन राखायला सबंध गाव खोटं बोललं होतं, आणि त्या खोट्यापायी त्याच म्हाताऱ्याकडून त्याची मुलगी आम्ही काढून घेतली होती. मला इतकं भरून आलं की पाणी प्यायचंच राहिलं.

तुम्ही म्हणाल, एक रिमोटवाला रंगीत टीव्ही द्यायचा त्यांना आणून. आमच्या घरचा होता की! पण जो माणूस टीव्ही बघतच नाही, त्याला टीव्ही कशासाठी द्यायचा? द्यायचं तर सगळ्या जोह्याला द्यायला हवं होतं, कुणाचं नाव न घेता.

मी तडक महादूच्या दुकानात गेले. चार माणसं होतीच. फोन लावला.

"अहो, ते सातवरचं... आधीचं होतं ना, ते लावा."

"कुठलं आधीचं?" मिस्टर म्हणाले.

चारही माणसं आभाळाकडे बघायला लागली.

"तुम्हाला कळतंय कुठलं! आत्ताच्या आत्ता लावा."

"आणि सामंतांना काय सांगू?"

"सामंतांचं मी बघते. तुम्ही वायर लावा."

म्हणजे बघा, मीसुद्धा जोहेकरांसारखीच बोलायला लागले होते.

परत कारखान्यात येऊन दारापाशी टेकले. दादांनी विचारलं नाही कुठे गेली होतीस. ताराकाकी भाकरी थापत होती. कुंचली दादांच्या हातात तशीच. मालिका अर्धी झाली असणार. मी मनात म्हणत होते, अहो, लावा लवकर, आज तिचं काम असू दे, आज नेमकी सुट्टी नको.

आणि एकदम सगळ्या गल्लीतला तो सूंऽ सूंऽ आवाज थांबला. एका क्षणात, सगळीकडचा. मग दादांच्या टीव्हीतून, समोरच्या कारखान्यातून, त्याच्या पलीकडच्या, डावीकडच्या, उजवीकडच्या, सगळ्या दारांतून एकच आवाज आला.

"बाबा, जेवलात का तुम्ही?"

मालिकेतल्या सासऱ्याला विचारत होती ती. पण जोह्याच्या त्या गल्लीत तो प्रश्न एवढा मोठ्याने घुमला की कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.

सगळं गाव पकडलं गेलं. मग जी धांदल उडाली! घराघरात माणसं टीव्हीवर झेपावली असणार, कारण एकेक करून आवाज बारीक होत गेले. समोरचा गेला, त्याच्या शेजारचा गेला. गल्ली चिडीचूप.

दादा पाटावरून उठले. दारात आले. त्यांनी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळ्या दारांत माणसं खाली मान घालून उभी.

"बारीक कशाला केलात रे?" दादा ओरडले. "वाढवा आवाज! मला ऐकू येत नाय."

एक-दोघांनी वाढवला. मग सगळ्यांनीच. दादा आत आले, पाट उचलला, वळवला आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. दोन हंगामांत पहिल्यांदा त्यांनी तिला बघितलं. ताराकाकीने विचारलं, "जेवायला वाढू?"

"थांब. ती जाऊ दे," ते म्हणाले.

मी रडले. सांगायला लाज कसली? केबलच्या धंद्यात रडायची वेळ बिलाच्या तारखेला येते, पण मी त्या दिवशी रडले.

सोमवारी सामंत मॉड्युलेटर घेऊन आले. सातवर निळं बघून त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं तुम्हाला प्राइम बँड द्यायचं. देतेय. चार नंबर घ्या."

"चारवर तर तुमचं स्वतःचं चॅनेल आहे."

होतं. आमचं व्हिडिओ चॅनेल, मिस्टरांचा जीव की प्राण. पेणमधल्या पोरांच्या वाढदिवसाचे फोटो, दुकानांच्या जाहिराती, शुक्रवारी एक पिक्चर. मिस्टर तिथेच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या चार."

"पण निळं तिथून हलायला पाहिजे होतं ना!" सामंत म्हणाले.

"सामंतसाहेब, चार साताच्या आधी येतं. तुमच्या मुंबईच्या साहेबांना सांगा, निळ्याच्याही पुढे बसलो. आणि नसेल पटत तर अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जा. शिडी देते, खांबावर चढून काढा."

सामंतांनी बाहेर कोसळणारा पाऊस बघितला. मग दारासमोरचा खांब बघितला. आणि चार घेतला.

त्यानंतर पेणहून जे फोन आले ते जोह्यासारखे नव्हते हो. "आमच्या बंटीचा वाढदिवस का नाही दाखवला?" असे थेट, खणखणीत. मिस्टर मात्र एवढंच म्हणायचे, "जोह्याची लाइन छान चाललीय."

गणपतीच्या आदल्या आठवड्यात वैशाली आली. ताराकाकीने महादूच्या फोनवरून, चार माणसांदेखत, मोठ्याने बोलून बोलावलं होतं. मी त्या वेळी जोह्यात कनेक्शन बघायला गेले होते, म्हणजे मुद्दामच गेले होते. ती बापाच्या समोर पाट घेऊन बसली होती, छोट्या मूर्तींचे डोळे आखत. दादांनी एक मूर्ती उचलून उजेडाला धरली. बराच वेळ बघितली.

"हात जड झालाय तुझा," म्हणाले. आणि पुढची मूर्ती तिच्याकडे सरकवली.

तिने पुसलेले डोळे मी पाहिले, तिने आखलेले नंतर पाहिले. दोन्ही छान होते.

ती मालिका दिवाळीनंतर बंद झाली. आठची वेळ तांबड्यांनी जिंकली म्हणे. निळ्यांनी तिथे दुसरं काहीतरी लावलं, मग तांबड्यांनी तिसरं. लढाई काय, चालूच राहिली. आमचं केबल नंतर मोठ्या कंपनीने घेतलं, घराघरात सेट-टॉप डबे आले, बटणं गेली.

अजूनही कधी कधी चॅनेलांचा सर्व्हे करणारी पोरं-पोरी येतात दारात, हातात टॅब घेऊन. "काकू, रात्री आठला तुम्ही काय बघता?" मी म्हणते, "बाळांनो, मला विचारू नका, मी खरं सांगेनच असं नाही. चॅनेल चार दिवस बंद करा, आणि संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारा. ज्या बटणावर माणसं मुंग्या लावून बसलेली दिसतील, ते लिहून घ्या."